शाळा खरंच निवडता येते का? सातपूरच्या एका आईच्या प्रश्नाला उत्तर

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही सातपूरला भाड्याच्या घरात राहता. यजमान अंबडच्या कंपनीत कंत्राटावर आहेत. मुलगी येत्या जूनमध्ये पहिलीला जाईल. चालत जाता येईल अशी महापालिकेची एक शाळा आहे, थोडं पुढे एका जुन्या संस्थेची अनुदानित मराठी शाळा आहे, आणि रिक्षा लावावी लागेल अशी एक इंग्रजी माध्यमाची शाळा, जिची फी वर्षाला पन्नास हजार. आरटीईचा, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याखालच्या राखीव प्रवेशाचा, फॉर्म भरून सोडतीची वाट पाहावी की पतसंस्थेचं कर्ज काढून थेट प्रवेश घ्यावा, हे तुम्ही विचारलंय. शिवाय यजमानांचे मावसभाऊ अमेरिकेत आहेत. ते म्हणतात, तिकडे चार्टर शाळा असतात, पैसे सरकार देतं आणि शाळा पालक निवडतात; मग आपल्याकडे असं का नाही?

मी तीस वर्षं शिक्षण खात्यात काढली. सुरुवातीची अकरा वर्षं पेठ तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक होतो, मग केंद्रप्रमुख, शेवटी विस्तार अधिकारी. निवृत्तीनंतर दर वर्षी प्रवेशाच्या दिवसांत पालकांना आरटीईचे फॉर्म भरून देतो. त्या अनुभवावरून सांगतो: कर्ज काढू नका.

पहिलीची फी हा दहा हप्त्यांतला पहिला हप्ता असतो. महाराष्ट्राच्या २०११ च्या शुल्क विनियमन कायद्याप्रमाणे एकदा ठरलेली फी दोन वर्षं वाढवता येत नाही, पण दोन वर्षांनी ती वाढतेच. त्यावर रिक्षा, पुस्तकं, दोन प्रकारचे गणवेश, सहल, स्नेहसंमेलन. कंत्राटी नोकरीत एक-दोन महिन्यांचा खंड पडला की पहिला ताण फीवर येतो. चौथी-पाचवीत फी थकल्यामुळे शाळा सोडावी लागलेली मुलं मी फार पाहिली आहेत. वर्गातून बाहेर बोलावलं गेलेलं मूल घरी येऊन काही बोलत नाही, पण आपलंच काहीतरी चुकलं असं त्याला वाटत राहतं. एका शाळेने तर थकलेल्या फीसाठी एका मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला चार महिने अडवून धरला होता. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ प्रमाणे सरकारी किंवा अनुदानित शाळेत जायचं असेल तर मुख्याध्यापकाने दाखला तत्काळ द्यायचा असतो, आणि दाखला मिळायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश नाकारताही येत नाही. त्या मुलीच्या वडिलांना हे कुणी सांगितलं नव्हतं. चार महिने ती घरी बसली.

आता अमेरिकेचं. चार्टर शाळांचा पहिला कायदा मिनेसोटा राज्याने १९९१ साली केला आणि पहिली चार्टर शाळा १९९२ मध्ये सेंट पॉल शहरात सुरू झाली. आज चाळीसहून अधिक राज्यांत त्या आहेत. रचना अशी: शाळा सार्वजनिक पैशावर चालते, फी नसते, चालवणारी संस्था स्वतंत्र असते. तिला शिक्षक नेमण्याची, वेळापत्रक ठरवण्याची मोकळीक मिळते. त्या बदल्यात ती ठरावीक वर्षांचा करार करते, बहुधा पाचेक वर्षांचा, आणि मुलं शिकली नाहीत तर करार संपतो, शाळा बंद होऊ शकते. जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर चिठ्ठ्या टाकतात, मुलं निवडून घेता येत नाहीत.

निकाल काय आले? स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २००९ मध्ये पंधरा राज्यं आणि राजधानी वॉशिंग्टनमधल्या चार्टर शाळांची तुलना आसपासच्या सरकारी शाळांशी केली. गणितात १७ टक्के चार्टर शाळा सरस निघाल्या, ३७ टक्के मागे पडल्या, बाकीच्यांत फरक नव्हता. त्याच गटाच्या २०२३ च्या अहवालात चित्र सुधारलेलं दिसतं: चार्टरमधली मुलं वर्षभरात वाचनात सुमारे १६ दिवसांच्या आणि गणितात सुमारे ६ दिवसांच्या अभ्यासाइतकी पुढे. बोस्टनसारख्या शहरांत गरीब वस्तीतल्या मुलांना मोठा फायदा झाला, तर घरबसल्या ऑनलाइन चालणाऱ्या चार्टर शाळांत मुलांचं मोठं नुकसान झालं. मावसभाऊंनी सांगितलं ते खोटं नाही, अर्धं आहे. निवडीची सोय आली म्हणून मुलं आपोआप शिकली नाहीत. जिथे करार कडकपणे पाळला गेला आणि वाईट शाळा खरोखर बंद केल्या गेल्या, तिथे ती शिकली.

आणि ताई, हे मला फार महत्त्वाचं वाटतं: महाराष्ट्रात या रचनेचा अर्धा भाग शंभर वर्षांहून जुना आहे. तुमच्या घरापुढची अनुदानित शाळा म्हणजे तेच. इमारत आणि कारभार संस्थेचा, पगार सरकारचा. अनुदानाची कल्पना १८५४ च्या वुडच्या खलित्यापासून, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या शिक्षण धोरणाच्या पत्रापासून आली. आपल्या जिल्ह्यात मराठा विद्या प्रसारक समाज १९१४ साली उभा राहिला, आणि १९१८ साली स्थापन झालेली गोखले एज्युकेशन सोसायटीही इथे शाळा चालवते. शेतकऱ्यांनी धान्य दिलं, लोकांनी जमिनी दिल्या, आणि गावोगाव शाळा गेली. बहुजनांच्या किती पिढ्या त्यामुळे शिकल्या याची मोजदाद नाही. माझे वडील त्यातलेच, आणि म्हणून या शाळांबद्दल मी कोरडेपणाने बोलू शकत नाही.

पण उरलेला अर्धा भाग आपण घेतलाच नाही. अनुदान एकदा लागलं की ते मुलं शिकतात की नाही यावर नव्हे, पटावर चालतं. संचमान्यतेत पट मोजला जातो, पटावर शिक्षकांची पदं ठरतात, पट घसरला की शिक्षक अतिरिक्त ठरतो. म्हणून एप्रिल-मेच्या उन्हात शिक्षक दारोदार फिरून मुलं गोळा करतात. तुमच्याकडेही कुणीतरी आलं असेल, दप्तर देतो, सायकल देतो म्हणून. त्या शिक्षकांना दोष देऊ नका, त्यांची नोकरी त्या एका-एका मुलावर टांगलेली असते. वर्गातलं मूल वाचतं का, हा प्रश्न मात्र त्या सगळ्या कागदांत कुठेच येत नाही.

मुलामागे पैसा आला आणि मोजणारा ढिला असला तर काय होतं ते आम्ही ऑक्टोबर २०११ च्या पटपडताळणीत पाहिलं. तीन दिवस राज्यातल्या सगळ्या शाळांत एकाच वेळी मुलं मोजली, दोनदा मोजली जाऊ नयेत म्हणून बोटांना मतदानासारखी शाई लावली. मीही त्या पथकात होतो. एका शाळेत हजेरीपटावर भरलेला वर्ग होता आणि बाकांवर जेमतेम निम्मी मुलं. उरलेली नावं कुठून आली हे कुणी सांगू शकलं नाही. त्या नावांचा तांदूळ येत होता, त्या नावांवर तुकडी चालत होती. शाळांना थेट मुलामागे पैसे द्या, स्पर्धा सुरू होईल, असं कुणी म्हटलं की मला ते रिकामे बाक आठवतात. अशी योजना आणायचीच असेल तर तपासणीची व्यवस्था आधी उभी राहिली पाहिजे. योजना सुरू झाल्यावर कुणी ती उभी करत नाही.

दुसरा बदल २००१ नंतरचा. सरकारने नव्या शाळांना ‘कायम विनाअनुदानित’ म्हणून परवानगी द्यायला सुरुवात केली. ‘कायम’ हा शब्द २००९ मध्ये काढला गेला, तोपर्यंत आणि त्यानंतरही कित्येक शिक्षकांनी वर्षानुवर्षं बिनपगारी शिकवलं. मग २०१२ मध्ये स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा कायदा आला. आज इंदिरानगर, पाथर्डी फाटा, गंगापूर रोडला जिकडे पाहावं तिकडे शाळांचे फलक दिसतात, त्याचं मूळ इथे आहे. पर्याय वाढले, पण ज्याच्या खिशात पैसे त्याच्यासाठी. तुमच्यासारख्यांच्या हाती राहिलं शिक्षण हक्क कायद्याचं कलम १२, म्हणजे आपण ज्याला आरटीई म्हणतो तो २५ टक्क्यांचा राखीव प्रवेश. फॉर्म जरूर भरा. तुमचा तो हक्क आहे, कुणाचे उपकार नाहीत.

खासगी विनाअनुदानित शाळांनी प्रवेशाच्या वर्गातल्या किमान पाव जागा दुर्बल आणि वंचित गटातल्या मुलांना द्यायच्या आणि त्यांची फी सरकारने भरायची, असा हा नियम. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये तो वैध ठरवला. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळा मात्र यातून वगळल्या आहेत, म्हणून यादीत काही नामांकित शाळा दिसत नाहीत. आपलं राज्य मुलामागे वर्षाला १७,६७० रुपयांपर्यंत प्रतिपूर्ती देतं आणि ती वर्षानुवर्षं थकते. या थकबाकीचा राग शाळा मुलांवर काढतात. तो राग चुकीच्या माणसावर निघतो, पण थकबाकी खरी आहे, आणि सरकारने ती वेळेवर दिली तर निम्मी कटुता संपेल.

९ फेब्रुवारी २०२४ ला राज्याने नियम बदलला होता. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला या २५ टक्क्यांतून सूट. नाशिक शहरात एक किलोमीटरच्या आत महापालिकेची किंवा अनुदानित शाळा नाही अशी जागा शोधावी लागते. त्या एप्रिलमध्ये पालकांनी माझ्यासमोर यादी उघडली तर तिच्यात घराजवळच्या, एरवीही थेट प्रवेश मिळणाऱ्या शाळाच दिसत होत्या. एका बाईने विचारलं, ‘सर, मग हा फॉर्म कशाला भरायचा?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. उच्च न्यायालयाने ६ मे रोजी स्थगिती दिली, १९ जुलैला तो बदल रद्दच केला, आणि पुढे सर्वोच्च न्यायालयानेही तो निकाल कायम ठेवला. पण जूनमध्ये शाळा सुरू होऊन गेली होती आणि ही मुलं पावसाळाभर प्रवेशाची वाट पाहत राहिली. धोरण बदलायचंच असेल तर ते निदान आदल्या दिवाळीपर्यंत जाहीर व्हावं.

आरटीईमधली खरी अडचण मात्र पहिलीत दिसत नाही, नववीत दिसते. कायदा सहा ते चौदा वयासाठी, आठवीपर्यंत. नववीचं दार उघडलं की पूर्ण फी. आठ वर्षं एका शाळेत, एका भाषेत, त्याच मैत्रिणींत वाढलेली मुलगी, आणि एप्रिलमध्ये हातात फीचं पत्रक. दरवर्षी माझ्याकडे अशा दोन-तीन घरांचे फोन येतात. म्हणून सोडतीत नंबर लागला तर त्याच महिन्यात पोस्टात किंवा बँकेत आवर्ती ठेव उघडा, महिन्याला पाचशे-सातशे जमतील तेवढे टाका आणि त्याला नववीच्या आधी हात लावू नका. कर्जाचा हप्ता भरायची तुमची तयारी होतीच ना? तोच हप्ता स्वतःच्या खात्यात भरा.

आणि नंबर लागला म्हणून शाळा चांगली असं समजू नका. फॉर्ममध्ये दहापर्यंत शाळा टाकता येतात. दहाचा आकडा भरायचा म्हणून नाव टाकू नका, पाहिलेल्याच शाळा टाका. कशा पाहायच्या ते सांगतो.

शाळेत जाऊन तिसरीच्या वर्गातल्या कुठल्याही एका मुलाला, शिक्षक पुढे करतील त्या हुशार मुलाला नव्हे, दुसरीच्या पुस्तकातला एक परिच्छेद वाचायला सांगा. मग विचारा, यात काय झालं? मग पाटीवर ५२ वजा २७ द्या. हातच्याची वजाबाकी आली आणि गोष्ट स्वतःच्या शब्दांत सांगता आली तर त्या शाळेत शिकवलं जातं. माझ्या तीस वर्षांत यापेक्षा भरवशाची तपासणी मला सापडली नाही. इंग्रजी माध्यमात तर दुसरा प्रश्न जरूर विचारा. मुलं घडाघडा वाचतात, स्पेलिंग पाठ म्हणतात, आणि अर्थ विचारला की बाईंकडे बघतात. शाळेने हे करू दिलं नाही, तर शाळा सुटताना फाटकाशी उभं राहा. मुलांच्या वह्या पाहा, पालकांशी बोला. वहीत नुसतं फळ्यावरून उतरवलेलं आहे की मुलाने स्वतः काही लिहिलंय, आणि ते कुणी तपासलंय का, हे दोन मिनिटांत कळतं.

फलकावर ‘सीबीएसई पॅटर्न’ लिहिलेलं असेल तर सावध व्हा. पॅटर्न म्हणजे संलग्नता नव्हे. संलग्नता क्रमांक मागा. शाळेचा ११ अंकी यूडायस क्रमांक, म्हणजे सरकारी नोंदीतला शाळेचा क्रमांक, मागा, महाराष्ट्रात तो २७ ने सुरू होतो. मान्यतेशिवाय शाळा चालवणं हा गुन्हा आहे, एक लाखापर्यंत दंड, आणि पुढे चालू ठेवली तर रोज दहा हजार. पण दंड होईपर्यंत तुमच्या मुलीचं वर्ष गेलेलं असतं. मुलीची किंवा तुमची मुलाखत घेतो म्हणाले तर तेही कलम १३ मध्ये बसत नाही. चिली देशात सरकारी पैसा घेणाऱ्या शाळांना अनेक दशकं मुलं निवडून घेता येत होती. श्रीमंत एकीकडे, गरीब दुसरीकडे अशा शाळा वाटल्या गेल्या आणि शेवटी २०१५ मध्ये कायदा करून ती निवड थांबवावी लागली. आपल्या कायद्यात ही तरतूद पहिल्यापासून आहे, फक्त ती पालकांनी बोलून दाखवायला हवी.

माध्यमाबद्दल तुमच्या मनात धाकधूक आहे, ते पत्रातून जाणवलं. इंग्रजी न आल्यामुळे यजमान सुपरवायझर होऊ शकले नाहीत, हे तुम्ही लिहिलंय, आणि ते दुखणं मी हलकं मानत नाही. पण आंध्र प्रदेशात कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन यांनी केलेला एक मोठा प्रयोग आहे, २०१५ मध्ये तो प्रसिद्ध झाला. खेड्यांत सोडत काढून काही मुलांना खासगी शाळेची फी दिली आणि चार वर्षांनी तपासलं. तेलुगू आणि गणितात खासगी शाळेतली मुलं सरकारी शाळेतल्या मुलांपेक्षा पुढे नव्हती. हिंदीत पुढे होती, कारण तिथे हिंदीला तास दिले जात होते. मात्र हे सगळं खासगी शाळांनी मुलामागे सरकारच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी खर्चात केलं होतं, आणि आम्हा सरकारी माणसांनी ते प्रामाणिकपणे मान्य करायला हवं. तुमच्यापुरता अर्थ इतकाच की फी भरल्याने मूल आपोआप पुढे जात नाही. ज्या विषयाला वेळ आणि शिक्षक मिळतो तो विषय येतो. म्हणून अनुदानित आणि महापालिकेच्या शाळेत सेमी इंग्रजी आहे का ते विचारा. गणित-विज्ञान इंग्रजीतून, बाकी मराठीतून. घरी मराठी बोलणाऱ्या मुलीसाठी हा मार्ग मला सगळ्यात पटतो, कारण अभ्यासात अडलं तर तुम्ही स्वतः शेजारी बसू शकता.

महापालिकेच्या शाळेकडे तुम्ही पाहिलंही नाही असं दिसतं. जाऊन या. प्रत्येक इयत्तेला स्वतंत्र शिक्षक आहे का, हा पहिला प्रश्न विचारा. कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक पुरेसे धरले जातात, म्हणजे पट लहान असेल तर दोन-तीन इयत्ता एकत्र बसतात, आणि ते मला पहिलीसाठी चांगलं वाटत नाही. शिक्षक पुरेसे असतील तर या शाळेत फी नाही, पुस्तकं मोफत, आठवीपर्यंत पोषण आहार. आणि एक गोष्ट, जी पन्नास हजारांच्या शाळेत मिळणार नाही: शाळा व्यवस्थापन समिती. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात, निम्म्या महिला. तिथे तुम्ही शाळेचा विकास आराखडा मागू शकता, शिक्षकांची हजेरी विचारू शकता. एका वस्तीत चार आया समितीत नियमित बसायला लागल्या आणि वर्षभरात तिथलं शौचालय, पाणी आणि दुपारनंतर रिकामा राहणारा वर्ग हे तिन्ही प्रश्न सुटले. मी तिथे केंद्रप्रमुख होतो. माझ्या दहा पत्रांनी जे झालं नव्हतं ते त्यांच्या बसण्याने झालं.

पेठच्या दिवसांमुळे एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. शाळा निवडण्याची चर्चा शहरात होते. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरच्या पाड्यांवर एकच शाळा असते आणि तीही पट कमी म्हणून बंद करायची टूम निघते. इगतपुरी तालुक्यातल्या दरेवाडीची शाळा बंद झाली तेव्हा तिथली मुलं शेळ्या घेऊन नाशिकला जिल्हा परिषदेच्या दारात आली होती, दप्तर घ्या आणि शेळ्या द्या म्हणत. त्याच भागात हिवाळीची जिल्हा परिषद शाळाही आहे, जिथली मुलं दोन्ही हातांनी लिहितात आणि लांबलांबचे लोक ती बघायला येतात. एकाच खात्याच्या, एकाच पगाराच्या दोन शाळा. जिथे दुसरी शाळा नाही तिथे आहे ती शाळा चांगली करणं हाच एकमेव मार्ग उरतो, आणि सरकारचा पहिला पैसा, पहिला शिक्षक तिथे जायला हवा. माझं हे मत कुठल्याही चार्टरच्या आकड्यांनी बदललेलं नाही.

तर तुम्ही असं करा. या आठवड्यात तिन्ही शाळा पाहून या, यजमानांनाही न्या. आरटीईचा फॉर्म सुटला की भरा, पण त्यावर विसंबून राहू नका. अनुदानित किंवा महापालिकेच्या शाळेत जागा बोलून ठेवा. पहिलीसाठी ३१ डिसेंबरला सहा वर्षं पूर्ण लागतात, ते तपासा. तुम्ही ओबीसी आहात असं लिहिलंय, म्हणजे वंचित गटात याल आणि उत्पन्नाचा दाखला लागणार नाही, पण जातीचा दाखला महाराष्ट्रातल्या सक्षम अधिकाऱ्याचा हवा, तुमच्याकडे फक्त शाळा सोडल्याचा दाखला असेल तर तो चालणार नाही. सेतूमध्ये आजच अर्ज टाका, त्याला वेळ लागतो. भाडेकरार नोटरीचा असेल तर उपयोगाचा नाही, नोंदणीकृत लागतो आणि तोही फॉर्म भरण्याच्या तारखेआधीचा. घरमालक का-कू करतील, नोंदणीचा खर्च तुम्ही देतो म्हणा. फॉर्ममध्ये नकाशावर घराची खूण करताना घाई करू नका, अंतर तिथूनच मोजलं जातं, आणि खूण चुकली तर सोडतीत नंबर लागूनही पडताळणीत प्रवेश जातो. गेल्या वर्षी माझ्यासमोर एका बापाचा असा गेला. एकाच मुलीचे दोन फॉर्म भरू नका, दोन्ही बाद होतात. आणि जन्मदाखल्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतंय का, ते आज रात्रीच दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहा.